त्याला आधी हे जमायचं नाही

चेंडू सीमारेषेबाहेर गेला होता, एवढंच. गोल नाही, एका गुणाचा बिहाइंड नाही, साधा मार्कसुद्धा नाही. २०१९ सालचा हिवाळा, मेलबर्नच्या एमसीजीवर आमच्या रिचमंड संघाचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सामना, बोचरी दुपार, आणि माझ्या शेजारच्या आजी मांडीवरचा थर्मास खुर्चीखाली ठेवून उभ्या राहिल्या. लोकरीचे हातमोजे घातलेल्या हातांनी त्या टाळ्या वाजवत होत्या. मोज्यांमुळे टाळ्यांचा आवाज असा येतच नव्हता, पण त्या थांबायला तयार नव्हत्या. आमच्या मागच्या-पुढच्या रांगांतूनही माणसं उठली. बाबा तेव्हा पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. गुडघ्यांवर शाल पसरून, तळहात चोळत बसलेले बाबा इकडेतिकडे बघायला लागले. "अगं, झालं काय? गोल तर दिसला नाही."

"ग्राइम्सनं बुक्की मारून चेंडू बाहेर घालवला, बाबा."

"बरं. मग?"

आजींना मराठी कळायचं काही कारण नव्हतं, पण प्रश्न कळला असावा. त्या बाबांकडे वळल्या आणि पाहुण्याला नीट समजावं अशा बेतानं, सावकाश म्हणाल्या, "त्याला आधी हे जमायचं नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खेळाडूचं कौतुक म्हणजे 'काय खेळतो!', 'काय उडी होती!' असलं काहीतरी असतं, निदान मी तरी तेच ऐकत वाढले. आजींनी त्या दिवशीच्या खेळाबद्दल चकार शब्द काढला नाही. या मुलाला पूर्वी काय येत नव्हतं ते त्यांनी सांगितलं, आणि तेवढ्यासाठी, गुडघे कुरकुरत असताना, त्या उभ्या राहिल्या. रात्री घरी आल्यावर, मुलांची दप्तरं भरताना, दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये, मला तेच आठवत राहिलं.

ज्या गोष्टीला एवढ्या टाळ्या पडल्या, ती नेमकी काय असते ते मी बाबांना पुढच्या क्वार्टरमध्ये समोर दाखवत होते. चेंडू उंच येतो. फॉरवर्ड पुढे, बचावपटू त्याच्या मागे, मध्ये वीतभरसुद्धा अंतर नाही. फॉरवर्डनं चेंडू हातात झेलला की मार्क. मग कोणी त्याला हात लावायचा नाही, त्यानं निवांत मागे जायचं, श्वास घ्यायचा आणि किक मारायची. गोलच्या समोर असेल तर सहा गुण जवळजवळ खिशात. हा झेल पूर्ण होण्याच्या आतच बचावपटूला मागून, त्याच्या खांद्यावरून, एक मूठ आत घालून चेंडू उडवायचा असतो. त्यालाच स्पॉइल म्हणतात. पाठीत ढकललं, फ्री किक. फॉरवर्डच्या दंडावर हात पडला, फ्री किक. चेंडूवरची नजर काढून नुसताच माणसावर आदळला, फ्री किक. उडी थोडी लवकर घेतली तर तो खाली येताना थेट समोरच्याच्या पाठीवर, थोडी उशिरा घेतली तर झेल होऊन गेलेला. आणि हे सगळं मागे पळत, चेंडूकडे मान वर करून, समोरचा कोपरानं ढकलत असताना. खालच्या रांगांत बसलं की त्या मुठीचा आवाज येतो. पावसानं ओल्या झालेल्या चामड्यावर बसलेला, भरीव.

पण मूठ बसणं हे अर्धंच काम. चेंडू उडून जातो कुठे, यावर सगळं असतं. गोलसमोरच खाली पडला तर तिथे टपून बसलेला चपळ, बुटका फॉरवर्ड तो उचलतो आणि गोल करून टाकतो. म्हणजे मोठ्याला अडवलं आणि छोट्याला वाढून दिलं. मुरलेला बचावपटू हवेत असतानाच मनगट बाहेरच्या बाजूला वळवतो आणि चेंडू सीमारेषेकडे पाठवतो. चेंडू मैदानाबाहेर, खेळ थांबतो, सगळ्यांना जागेवर यायला वेळ मिळतो. त्या दुपारी आमच्या डिलन ग्राइम्सनं तेच केलं होतं. पाहायला गेलं तर काहीच घडलं नव्हतं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तुमचा बापू नाडकर्णी."

मी हसले, पण बाबा हसत नव्हते. जानेवारी १९६४, मद्रासची कसोटी, समोर इंग्लंड. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. त्यातली सलग २१ षटकं निर्धाव. बाबा तेव्हा शाळेत होते, आणि वाड्यात ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओट्यावर सगळी मुलं जमायची. नाडकर्णी नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून त्याच्यावर चेंडू टाकायचे, ही गोष्ट त्या ओट्यावर सगळ्यांना पाठ होती. "आम्ही तासन्‌तास काही न घडणं ऐकलंय," बाबा म्हणाले. "आम्हाला नका शिकवू." आणि पुढच्या वेळी ग्राइम्सची मूठ बसली तेव्हा बाबांनी शाल बाजूला सारून चांगली खणखणीत टाळी दिली. आजींनी त्यांना थर्मासमधला चहा देऊ केला.

तरी मला वाटतं, दोन्हींत एक फरक आहे. ओट्यावर बसलेल्या मुलांपर्यंत नाडकर्णी पोचले ते तयार होऊनच. त्यांचे कच्चे दिवस, फसलेले चेंडू नेटच्या जाळीतच राहिले. इथे तसं नसतं. इथे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ड्राफ्टमधून, म्हणजे क्लब आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यातून, उचललेला पोरगा भर मैदानात, हजारो लोकांसमोर चुकत चुकत शिकतो. आणि ते लोकही वर्षानुवर्षं तेच असतात. मेंबरशिप नूतन केली की दर मोसमात तुमची खुर्ची तीच, शेजारी तोच, पुढच्या माणसाच्या टोपीचा गोंडाही तोच. आम्ही पंट रोडच्या बाजूला बसतो, संघाची चीअर स्क्वॉड असते त्या टोकाला. प्रत्येक क्वार्टरनंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे प्रत्येक सामन्यात चारातली दोन क्वार्टर आपली बचावफळी अगदी डोळ्यांसमोर असते. माणूस कसा उभा राहतो, कुठल्या पायावर वळतो, घाबरला की हात कुठे ठेवतो, हे सगळं नकळत पाठ होतं. त्यामुळे एखाद्या दिवशी तो वेगळ्या पायावर वळला तर ते आजींसारख्यांना लगेच कळतं. नव्या माणसाला तो फक्त वळलेला दिसतो.

आम्ही मेलबर्नच्या रिचमंड भागात राहायला आलो ते संघाच्या पडत्या काळात. २०१० च्या मोसमात रिचमंड पहिले नऊ सामने ओळीनं हरलं. डेमियन हार्डविक कोच म्हणून नवा होता. स्वतः बचावपटू म्हणून तो एसेंडनकडून २००० साली आणि पोर्ट अ‍ॅडलेडकडून २००४ साली अजिंक्यपद जिंकलेला. नवव्या क्रमांकावरून तर सगळं शहर रिचमंडची थट्टा करायचं. तेव्हा आठ संघ फायनल्सला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीला, जायचे आणि रिचमंड नेमकं नववं यायचं, हा जुना विनोद होता. रविवारी संध्याकाळी स्टेशनच्या दिशेनं चालणाऱ्या पिवळ्या-काळ्या गर्दीत कोणी कोणाशी बोलायचं नाही. नुसता चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास आणि ओल्या स्कार्फांचा वास. २०१३, २०१४ आणि २०१५ ला फायनल्स गाठल्या आणि तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात बाहेर. २०१६ ला तर थेट तेरावा क्रमांक.

त्या काळात अ‍ॅलेक्स रान्सच्या पायाला चेंडू आला की आमच्या बाजूला लोक डोळे मिटून घ्यायचे. २००७ च्या ड्राफ्टमध्ये अठराव्या क्रमांकावर घेतलेला हा पोरगा, वडीलही मोठे खेळाडू. धाडस अफाट, ताकद अफाट, आणि किक कुठे जाईल ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही. किक मारायच्या आधीच मागून कोणीतरी "नको, नको" म्हणून कण्हायचं. मला ते कण्हणं आवडायचं नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या कानावर तीस-चाळीस हजार माणसांचा एकत्र सुस्कारा पडत असेल तेव्हा त्याच्या पोटात काय होत असेल, असं वाटायचं. पण हेही खरं की कण्हणारी माणसं उठून गेली नाहीत. पुढच्या आठवड्यात तीच माणसं त्याच खुर्च्यांवर, त्याच पोराकडे बघत. आणि हळूहळू रान्सनं किक छोटी केली. लांबचा धाडसी पास सोडून जवळच्या मोकळ्या माणसाला द्यायला लागला. मग बुक्की मारायच्या ठिकाणी तो चेंडू झेलायलाच लागला, समोरच्याचा पास वाचून, आपला माणूस सोडून, मधूनच येऊन. २०१४ पासून २०१८ पर्यंत सलग पाच वर्षं ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात, २०१७ ला तर त्या संघाचा कर्णधार. २०१५ ला क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूचं जॅक डायर पदकही त्यालाच. कण्हणाऱ्यांपैकी एकजण, प्लंबरकाम करणारे गृहस्थ, त्या वर्षी मला म्हणाले की रान्सकडे चेंडू गेला की आता मी पाई खाऊन घेतो, तेवढा वेळ निवांत असतो.

२०१७ ची ग्रँड फायनल आम्ही घरी पाहिली, तिकिटं मिळणं शक्यच नव्हतं. एमसीजीवर लाखाच्या वर माणूस, समोर अ‍ॅडलेड, त्या मोसमात सगळ्यांत जास्त गुण करणारा संघ. पहिल्या क्वार्टरला पुढेही तेच होते. शेवटी रिचमंड १०८, अ‍ॅडलेड ६०. ३७ वर्षांनी अजिंक्यपद. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे आमचा सामनावीर डस्टिन मार्टिन, आणि ते रास्तच होतं. पण आमच्या बाजूच्या लोकांना भेटलं की बोलणं साठावर यायचं. त्यांना साठावर रोखलं. रान्स, ग्राइम्स, अ‍ॅस्टबरी, हूली, ही नावं ते अशी घ्यायचे जशी घरातल्या लग्नात राबलेल्या माणसांची घ्यावीत.

ग्राइम्सची गोष्ट रान्सपेक्षाही संथ. राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये त्याला कोणी उचललंच नाही, मागाहून प्री-सीझन ड्राफ्टमधून रिचमंडनं घेतला. सडपातळ, लांब हातांचा. मांडीमागचा स्नायू पुन्हा पुन्हा दगा द्यायचा. दोन चांगले सामने झाले की तिसऱ्यात मांडी धरून बाहेर. त्या काळात तो मैदानावर धावत आला की आमच्याकडे टाळ्यांच्या आधी काळजी असायची. आजी त्याच्या मांडीकडेच बघत बसायच्या. पूर्ण वेगात धावायला लागला की श्वास रोखायच्या. मोठा, वजनदार फॉरवर्ड समोर असला की तो रेटला जायचा, हेही आम्ही पाहिलं. मग तो रेटारेटीत पडेनासा झाला. धक्का बसायच्या आधी अर्धं पाऊल बाजूला, समोरच्याचा तोल त्याच्याच जोरावर जाऊ द्यायचा, आणि मग लांब हात. हे कोणत्या वर्षी बदललं ते मला सांगता येणार नाही. असं काही एका सामन्यात बदलत नाही.

२१ मार्च २०१९. मोसमाचा पहिलाच सामना, कार्लटनविरुद्ध, एमसीजीवर दिव्यांखाली. रान्सचा गुडघा गेला. तो मोसम त्याच्यापुरता तिथेच संपला, आणि डिसेंबरमध्ये त्यानं निवृत्तीच जाहीर केली. त्याच वर्षी नवा नियम आला होता. मधून खेळ सुरू होताना दोन्ही संघांनी मैदानाच्या तिन्ही भागांत सहा-सहा माणसं उभी करायचीच. म्हणजे मागे गर्दी करून बचाव करायची सोय संपली, ज्याचा त्यानं आपला माणूस सांभाळायचा. रान्सशिवाय. मला आठवतं, त्या आठवड्यात ऑफिसमध्ये कार्लटनच्या, कॉलिंगवूडच्या मंडळींनीही माझी विचारपूस केली होती, सुतक असल्यासारखी. त्या हिवाळ्यात ग्राइम्सनं काय केलं ते आकड्यांत थोडंच सापडतं. गोल करणाऱ्याला कोलमन पदक आहे. पंचांच्या मतांचं ब्राउनलो पदक सहसा मिडफिल्डरच नेतात. बचावपटूला ते मिळाल्याचं उदाहरण म्हणून अजून १९९३ च्या गॅविन वॅंगनीनचं नाव घेतलं जातं. बचावपटूच्या कामाचा जो रकाना असतो त्याला म्हणतात वन पर्सेंटर, एक टक्क्याची कामं. ग्राइम्स त्या वर्षी ऑल-ऑस्ट्रेलियन झाला, रिचमंडनं ग्रँड फायनलमध्ये सिडनीच्या जायंट्स संघाला अख्ख्या सामन्यात तीन गोल करू दिले, ११४ विरुद्ध २५. बाबांना मी फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पंचवीस? अरे वा! म्हणजे निर्धावच की."

पुढच्या जानेवारीत नाडकर्णी गेले. त्या दिवशी बाबांचा फोन आला, बराच वेळ जुनं बोलत राहिले आणि ठेवता ठेवता विचारलं, "ग्राइम्स बरा आहे ना? मांडी वगैरे?"

मग २०२०. मेलबर्न बंद, सामने क्वीन्सलंडमध्ये, आणि आम्ही सगळे टीव्हीसमोर. तेव्हा एक गोष्ट फार जाणवली. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. चेंडू पलीकडच्या टोकाला असताना आपले बचावपटू काय करताहेत ते तो दाखवतच नाही. आणि बचावपटूचं निम्मं काम तेव्हाच चाललेलं असतं. मैदानावर मी ग्राइम्सला पाहायची ती बहुतेक अशी, चेंडू शंभर मीटर लांब असताना. हात लांबवून कोणाला तरी चार पावलं डावीकडे सरकवताना, मागे वळून बघताना, आपल्या माणसाच्या आणि गोलच्या मध्ये जागा धरताना. सगळ्यांत चांगला बचाव तर मोजताच येत नाही, कारण समोरचा मान वर करून बघतो, तिथे ग्राइम्स दिसतो आणि तो चेंडू दुसरीकडेच मारतो. टीव्हीवर दिसतं ते एवढंच की चेंडू दुसरीकडे गेला. गॅबावरच्या त्या ग्रँड फायनलला जिलाँग पूर्वार्धात पुढे होतं, मग रिचमंडनं ८१-५० असं जिंकलं, आणि मी अख्खा उत्तरार्ध चौकटीच्या बाहेर काय चाललंय याची कल्पना करत काढला. आजींशी नंतर फोनवर बोलले तर त्याही तेच म्हणाल्या. सामना जिंकला, पण पाहिला असं वाटत नाही.

२०२४ च्या मोसमात ग्राइम्स निवृत्त झाला. २३४ सामने, तीन अजिंक्यपदं, मधली दोन वर्षं सहकर्णधार, गोल बोटांवर मोजण्याइतके. डस्टिन मार्टिननंही त्याच मोसमात खेळ थांबवला. ग्रँड फायनलच्या सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदक तीनदा मिळवणारा तो एकटाच. त्यामुळे वर्तमानपत्रांची पानं कोणाला गेली ते सांगायला नको. मला थोडं लागलं. पण आमच्या बाजूला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तिथे ज्याला त्याला एक वेगळा ग्राइम्स आठवत होता. कोणाला मांडी धरून बसलेला, कोणाला कुठल्याशा हरलेल्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला उडी मारणारा. एका बाईंनी तर सांगितलं, "माझा मुलगा त्याच्याकडे बघून बचावाला उभा राहायला तयार झाला, आधी त्याला फक्त गोल मारायचे असायचे."

सध्या सगळ्यांचं लक्ष जॉश गिबकसवर आहे. उंच, हवेत छान जाणारा, २०२१ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकाचा. पहिल्या वर्षी चांगला खेळला, मग मांडीच्या स्नायूनं २०२३ चा अख्खा मोसम खाल्ला. २०२४ ला परतला तर सुरुवातीलाच कार्लटनविरुद्ध गुडघा. आमच्या रांगांत हे ऐकून कोणाला काय काय आठवलं ते सांगायला नको. आता संघ पुन्हा तळाशी आहे, पोरंच पोरं आहेत, आठवड्यामागून आठवडे हरतात, आणि मागच्या रांगेतले दोन भाऊ दर सामन्याला भांडतात. थोरल्याचं म्हणणं गिबकसनं मूठ मारावी, झेलायच्या फंदात पडू नये. धाकट्याचं म्हणणं ह्या वयात झेलायला नाही गेला तर पुढे कधी जाणार? परवा एक चेंडू त्याच्या बोटांमधून सुटला, समोरच्यानं गोल केला, आणि आमच्या बाजूनं तोच जुना सुस्कारा उमटला. थोरला म्हणाला, "बघ, सांगत होतो." धाकटा म्हणाला, "अरे पण पोचला होता ना तिथपर्यंत! गेल्या वर्षी पोचला असता का?" मला धाकट्याचं पटतं. पुढच्या शनिवारी एसेंडन आहे, त्यांचे फॉरवर्ड उंच आहेत, आणि पावसाचा अंदाज आहे. ओल्या चेंडूला झेलायला जाऊ नये हे मात्र त्याला कोणीतरी सांगायला हवं.